बाबांची बॅटरी

गेल्या पावसाळ्यात दर रविवारी एकच प्रकार. बाबांशी व्हिडिओ कॉल चालू, कराडला वीज जायची आणि वीस मिनिटांत बाबा गायब! राउटरला मी छोटा यूपीएस लावून दिलाय, त्यामुळे नेट चालू असायचं. दम लॅपटॉपचाच संपायचा. पहिल्या पगारातून घेऊन दिलेला लॅपटॉप हो! मी फोनवर दोनदा चिडलोसुद्धा, "बाबा, नीट वापरत नाही तुम्ही."

गणपतीला घरी गेलो तेव्हा म्हटलं, बघूया. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक स्पेस आणि '/बॅटरीरिपोर्ट' एवढं इंग्रजीत टाइप केलं की बॅटरीची कुंडलीच हातात येते. डिझाइन कपॅसिटी: ४२,००० मिलीवॅट-अवर. फुल चार्ज कपॅसिटी: ८,००० च्या आसपास. खल्लास.

"बाबा, वापरता कसा हो?"

"तू सांगितलंस तसाच. पूर्ण उतरवायची, मग पूर्ण भरायची. आणि रविवारी तुझा कॉल असतो, म्हणून शनिवारी रात्रीच लावून ठेवतो."

शिवाय धूळ बसू नये म्हणून आईने शिवलेलं छान रजईसारखं कव्हर. चार्जिंग त्या कव्हरातच!

मी गप्प. 'पूर्ण उतरवून पूर्ण भरा' हे ज्ञान मीच पाजळलं होतं, कॉलेजात असताना मोबाईलच्या दुकानात ऐकलेलं. तो नियम निकेल-कॅडमियम बॅटरीचा, तिच्यात 'मेमरी इफेक्ट' असायचा. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, तिच्या जनकांना २०१९ मध्ये नोबेलही मिळालं, आणि आमचं ज्ञान मात्र कॅडमियमपाशीच अडकलेलं.

लिथियम-आयनला दोन्ही टोकं सोसत नाहीत. शंभर टक्क्यांना प्रत्येक सेल साधारण ४.२ व्होल्टला ताणलेला असतो. तसाच तासन् तास ठेवला की आत नको त्या रासायनिक क्रिया होत राहतात आणि कामाचं लिथियम हळूहळू कमी होतं. वर उष्णता मिळाली की हेच सगळं भराभर. म्हणजे कव्हरातली शनिवारची रात्र ही बॅटरीला सगळ्यात वाईट. रोज शून्यापर्यंत उतरवण्यानेही आयुष्य घटतंच. त्यापेक्षा २० ते ८० च्या मधे खेळवलेली बरी. मधेच चार्जर लावला तर सायकल वाया जात नाही, अर्धी-अर्धी दोनदा वापरली तरी एकच सायकल मोजली जाते.

नवीन बॅटरी बसवली, सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घातली. बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे वीज गेल्यावर वीस टक्के कमी बोलायचं?"

मी कागदावर हिशेब मांडला. नव्या बॅटरीचे ८० टक्के म्हणजे ३३,६००. जुनीचे शंभर टक्के ८,०००. चौपटीहून जास्त! बाबा आयुष्यभर गणित शिकवत आले, त्यांनी आकडे पुन्हा तपासले आणि मगच मान हलवली.

"आधीच नीट सांगायचंस की," एवढंच म्हणाले. खरंय. वापरायला नाही, सांगायला चुकलं होतं. आणि चिडलो मात्र त्यांच्यावर.

असो. कव्हर आता मिक्सरवर गेलंय. गेल्या रविवारी पुन्हा वीज गेली, आणि बाबा तासभर अंधारात बसून गप्पा मारत होते. तुमच्या आई-बाबांच्या लॅपटॉपचाही रिपोर्ट एकदा काढाच. चिडायच्या आधी!