उघडमीट छपराचं घर
लेखांक दुसरा : फ्रीमॉन्ट ते डेथ व्हॅली

गुरुवार, फ्रीमॉन्ट

मागच्या लेखांकात फिरत्या घरांच्या यादीतून ट्रेलर आणि व्हॅन दोन्ही गेले. ट्रेलर मागे जोडलेला असला की कच्च्या रस्त्याच्या टोकाला गाडी फिरवायची सोय राहत नाही, आणि फोर बाय फोर व्हॅनच्या किमतीत नाशिकच्या माझ्या बहिणीचा फ्लॅट येईल. उरला पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर. त्यातही छप्पर वर उचलता येणारा, म्हणजे रस्त्यावर बुटका आणि मुक्कामाला उंच.

महाराष्ट्र मंडळातले आमचे स्नेही माधवराव आईला भेटायला साताऱ्याला गेलेत. जाताना असाच कॅम्पर चढवलेल्या ट्रकची किल्ली देऊन म्हणाले, "वहिनी, विकत घेण्याआधी त्यात राहून बघा. शोरूममध्ये सगळेच कॅम्पर गोजिरे दिसतात." त्यांचा ट्रक 'हाफ टन' म्हणतात त्या वर्गातला आहे, साडेसहा फुटी हौद्याचा. हे अर्धा टन, पाऊण टन म्हणजे नुसती जुनी नावं. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर असतो : माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नका. माधवरावांच्या पट्टीवर १,७२० पौंड आहेत, म्हणजे ७८० किलो. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत हा आकडा शंभर-दीडशे किलोंनी वेगळा निघू शकतो. चार दारांची केबिन, छपराची काच, मोठी चाकं, विजेवर हलणाऱ्या खुर्च्या, जे जे म्हणून हौसेनं घ्यावं ते याच आकड्यातून वजा होतं. माहितीपत्रकात छापलेली क्षमता असते सगळ्यात साध्यासुध्या ट्रकची, आणि तो ट्रक विक्रेत्याच्या अंगणात सहसा उभाच नसतो.

माझ्या नवऱ्याने, श्रीने, पाठकोऱ्या कागदावर बेरीज मांडली. या वर्गातला पॉप-अप कॅम्पर रिकामा ५०० किलोंच्या आसपास. वीस गॅलन पाणी, म्हणजे ७५ लिटर, म्हणजे ७५ किलो. आम्ही दोघं १४० किलो (यात कोणाचा वाटा किती ते छापणार नाही). झाले ७१५. उरलेल्या ६५ किलोंत फ्रिज, बॅटरी, गॅसची टाकी, बाहेर ओढायची कापडी चांदणी, खुर्च्या, कपडे, हत्यारं आणि तांदूळ. पेट्रोल मात्र यात धरायचं नाही, भरलेली टाकी पट्टीच्या हिशेबात आधीच धरलेली असते. "जमेल," श्री म्हणाला. मी काही बोलले नाही.

शुक्रवार, क्रेन फ्लॅट, योसेमिटी

छप्पर उचलण्याचा पहिला प्रसंग. बाहेरून सहा कड्या सोडायच्या, मग आत वाकून शिरायचं, आधी मागची फळी आणि मग पुढची फळी हाताने आणि खांद्याने वर रेटायची. छप्पर दोन फूट वर जातं आणि आत श्री ताठ उभा राहू शकतो. माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता, तो अजून पूर्ण वर जात नाही. मागची फळी मी उचलली, पुढची नाही उचलली. माधवरावांनी छपरावर सौर पट्ट्या बसवल्यात आणि त्यांचं वजन दर संध्याकाळी उचलणाऱ्याच्या खांद्यावर येतं. गॅसचे दांडे लावले तर मदत होते, पण मग छप्पर खाली ओढताना तेच दांडे आडवे येतात. विक्रेते हे प्रात्यक्षिक तिशीतल्या मुलाकडून करवून घेतात. घेणाऱ्या दोघांपैकी ज्याच्या अंगात कमी ताकद आहे त्याने ते करून बघावं.

दुसरा धडा अस्वलांचा. बाजू कापडाच्या असल्यामुळे आमचा कॅम्पर इथल्या नियमांत तंबूच्या बाजूला पडतो. पत्र्याच्या भिंतींची घरगाडी असती तर खिडक्या-दारं लावून खाणं आत ठेवता आलं असतं. आम्हाला मात्र फोडणीच्या डब्यापासून टूथपेस्टपर्यंत सगळं लोखंडी पेटीत कुलूपबंद करावं लागलं. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या तळावर ग्रिझली अस्वलांमुळे कापडी बाजूंच्या कॅम्परला प्रवेशच नाही. पुढेमागे माँटाना-वायोमिंगकडे जायचं तर हे नकाशावर आधीच लिहून ठेवायला हवं.

फोडणी बाहेर, गॅसची छोटी शेगडी मांडून केली. आत केली असती तर हिंगाचा वास त्या व्हिनाइलच्या कापडात पुढची काही वर्षं राहिला असता, आणि माधवरावांना घर विकावं लागलं तर त्याचं गिऱ्हाईक मराठीच शोधावं लागलं असतं.

शनिवार, टायोगा खिंड ते मोनो लेक

टायोगा खिंड ३,०३१ मीटरवर आहे. इथे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. शेजारच्या गाडीतला माणूस राजमा उकळत बसला होता आणि आमच्या कुकरच्या शिट्टीकडे वळून वळून बघत होता. मुगाची खिचडी तीन शिट्ट्यांत झाली. कॅम्परच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढणाऱ्यांनी प्रेशर कुकर बसेल असा एक कप्पा ठेवला तर मी त्यांना दुवा देईन. इंडक्शनचा विचारही इथेच संपला : शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट वीज. मोठ्या आचेवर ती पाऊण तासही पुरत नाही. गॅस बरा.

संध्याकाळी मोनो लेकच्या वरच्या अंगाला. १९४१पासून लॉस एंजेलिसने या तळ्याला मिळणारे ओढे वळवले, पाणी उतरत गेलं आणि तळाचे चुनखडीचे सुळके उघडे पडले. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते त्या तहानेचं रूप आहे. १९९४मध्ये राज्याच्या जलमंडळाने तळं ६,३९२ फुटांच्या पातळीवर आणायचं ठरवलं, तिथवर पाणी अजून पोचलेलं नाही.

रात्री तापमान शून्याखाली. हीटर चालू होता तोवर उबदार, बंद केला की पंधरा मिनिटांत बाहेरची थंडी आत. पहाटे बिछान्यावरच्या छपराला दंव धरलं होतं आणि एक थेंब नेमका श्रीच्या कानात पडला. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, तेवढं पाणी कुठे तरी जमणारच. उपाय उफराटा वाटतो : थंडी असली तरी छपराचा झरोका थोडा उघडा ठेवायचा. कापडाच्या आतून लावायचा उबदार अस्तराचा जोडही मिळतो. तो आमच्या यादीत पहिल्या ओळीवर गेला.

रविवार, अलाबामा हिल्स, लोन पाइन

गोलसर तांबूस खडकांच्या मागे ४,४२१ मीटरचा माउंट व्हिटनी. १९३९च्या 'गंगा दीन' या हॉलिवुडपटातला वायव्य सरहद्द प्रांत म्हणजे हेच खडक, खैबरखिंडीचं काम त्यांनी इथे कॅलिफोर्नियात बसून केलं. परवाना घेऊन नेमून दिलेल्या जागीच राहायचं असतं.

या तळावर जणू प्रदर्शनच भरलं होतं. डावीकडे टोयोटा टकोमावर पाचरीच्या आकाराचा कॅम्पर : छप्पर पुढे बिजागरीवर अडकवलेलं, मागून वर उचललेलं. माँटानातल्या गो फास्ट कॅम्पर्सचा. वजन दीडशे किलोंच्या आतबाहेर. आत ना शेगडी, ना फ्रिज, वर झोपायची फळी आणि खाली रिकामा हौदा. मालकीण एकटीच फिरणारी नर्स. तिने बाहेर येऊन आमच्यासमोर घर उघडलं आणि मिटलं, मिनिटभरही लागलं नाही. टकोमाच्या पट्टीवर साधारण ४५० ते ५५० किलो असतात. त्या ट्रकवर पूर्ण सजवलेला कॅम्पर चढवणारे बरेच दिसतात आणि त्यांच्या गाड्यांची मागची बाजू बसलेली लांबूनही कळते. तिची निवड मला पटली. फक्त तिचं वय बत्तीस आहे आणि पावसात ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून जेवते.

उजवीकडे एक सत्तरीतलं जोडपं, त्यांच्याकडे जुना अलास्कन कॅम्पर. त्याची वरची निम्मी पेटी हायड्रॉलिकच्या जोरावर वर सरकते. भिंती कडक, कापड कुठेच नाही. १९५०च्या दशकापासून ही कल्पना चालत आली आहे. त्यांना छप्पर उचलावं लागत नाही, बटण दाबायचं. वजन मात्र आमच्यापेक्षा बरंच जास्त आणि खाली तसाच दणकट ट्रक.

रात्री सिएराच्या उतारावरून वारा सुटला. कापडाच्या बाजू फडफडायला लागल्या, झोप अशक्य. बाराच्या सुमाराला श्रीने गाडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, त्यासाठी आधी छप्पर खाली घ्यावं लागलं. मग वारा अंगावरून जायला लागला तसा आवाज निम्मा झाला. अलास्कनवाले घोरत होते. नर्सचं घर त्याआधीच मिटलं होतं, ती खाली हौद्यात झोपली. छप्पर मिटलेलं असतानाही आत आडवं होता आलं पाहिजे, ही अट त्या रात्री यादीत शिरली.

सोमवार, रेसट्रॅक, डेथ व्हॅली

उबेहेबे ज्वालामुखीच्या विवरापासून रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यापर्यंत सुमारे सत्तावीस मैल कच्चा रस्ता, सगळा नालीदार. चाकांतली हवा कमी केली तरी दात वाजतात. असल्या रस्त्यावर कॅम्परचं खरं रूप बाहेर पडतं. आमचा हौद्यात चार आकड्यांनी ताणून बांधलेला आहे, आतल्या बाजूने, पीळ देऊन घट्ट करायच्या दांड्यांनी. टीकेटल जंक्शनला (पाटीवर लोकांनी किटल्या टांगल्यात, खरोखरच्या) उतरून बघितलं तर मागचा एक दांडा दीड फेरा सैल झाला होता. श्रीने घट्ट केला. दहा मैलांनी पुन्हा बघितला, पुन्हा किंचित सैल. फ्रिजचं दार उघडलं होतं. दह्याचं काय झालं ते लिहीत नाही.

हौद्यावर ठेवायच्या कॅम्परची खोच इथे आहे. तो सुटा काढता येतो, पायांवर उभा करून ट्रक मोकळा करता येतो, पण तेवढ्याचसाठी तो फक्त बांधलेला असतो. हौदा काढून सपाट फळीवर कायमचा बसवला तर आत जागा वाढते, दार बाजूला येतं, सैल होण्यासारखं कमी राहतं. श्रीचा जीव त्यात अडकलाय. मला ट्रक अधूनमधून नुसता ट्रक हवा आहे, बागेच्या मातीसाठी आणि मुलीचं घर बदलायला. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

आणखी एक गोष्ट : वजनाचा मध्य मागच्या आसाच्या पुढे पडला पाहिजे. आखूड हौद्यावर लांब कॅम्पर ठेवला की तो मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग सैलावतं. पाण्याची टाकी, बॅटरी, डबे कुठे आहेत हे म्हणून विचारायचं.

तळ्याच्या कोरड्या पात्रावर दगड आणि त्यांच्यामागे लांबच लांब ओढलेले माग. वर्षानुवर्षं लोक यावर तर्क लढवत होते. २०१४मध्ये उलगडा प्रसिद्ध झाला : थोडं पाणी साचतं, रात्री पातळ बर्फ धरतो, सकाळी तो फुटून वाऱ्याने सरकतो आणि दगडांना ढकलत नेतो. पात्रापाशी राहायला मनाई आहे. आम्ही पुढे होमस्टेकच्या, पाण्याची सोय नसलेल्या मुक्कामाच्या तळावर गेलो. वारा नाही, अस्वल नाही, थंडी बेताची. तिन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून झोपलो. अशा रात्री कापडाच्या बाजूंना तोड नाही, पत्र्याच्या डब्यात हे सुख नसतं.

मंगळवार

दिवसभर गाडी. पनामिंटचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये.

बुधवार, हायवे ५८

ट्रकथांब्यावरच्या काट्यावर गाडी चढवली. इथे मालवाहू ट्रकांबरोबर कोणालाही वजन करता येतं, पुढच्या आणि मागच्या आसाचे आकडे वेगवेगळे छापून मिळतात. पाणी भरलेलं, गॅस भरलेला, आम्ही दोघं आत. एकूण ७,२६० पौंड. या ट्रकची मर्यादा ७,०५० आहे. म्हणजे ९५ किलो जास्त, आणि जवळजवळ सगळा जादा भार मागच्या आसावर.

साताऱ्याला तेव्हा रात्र होती, तरी श्रीने फोन लावला. माधवराव मोठ्याने हसले. "अरे, मला माहीत आहे. म्हणूनच तर मागे हवेच्या पिशव्या बसवल्यात." पिशव्यांनी गाडीची मागची बाजू वर येते, एवढंच. ब्रेक तेच, आस तोच, बेअरिंग तेच, चाकं तीच. पट्टीवरचा आकडा पिशवीने बदलत नाही. हे त्यांना सांगायचं धाडस श्रीने केलं. माधवराव म्हणाले, "मग तुम्ही पाऊण टन घ्या. मी आता काय घेतोय!"

तेच ठरतंय. १९६०मध्ये अमेरिका फिरायला निघालेल्या जॉन स्टाइनबेकनेही पाऊण टनी ट्रकच मागवला होता. त्याच्या पाठीवर घर बांधून घेतलं आणि नाव ठेवलं रोसिनांते, डॉन किहोतेच्या घोड्याचं. ती गाडी सॅलिनासच्या स्टाइनबेक केंद्रात उभी आहे. आधी ट्रक मग घर, हा क्रम त्या माणसाला आमच्याआधी साठ-सत्तर वर्षं कळला होता.

तर : जुना चालेल, पण पाऊण टनी, साडेसहा फुटी हौदा, पट्टीवर निदान १,१०० किलो. त्यावर सुटा काढता येणारा पॉप-अप, छप्पर सरळ वर जाणारं, पाचरीचं नको, कारण पावसात मला टेबलाशी बसून जेवायचं आहे. अस्तर हवं. सौर पट्टी एकच, दुसरी जमिनीवर मांडायची. गरम पाणी नको, बाहेरचा शॉवर नको, संडास सुटा, पेटीत बसणारा. चांदणी मी खोडली होती, सकाळी पाहिलं तर श्रीने परत लिहिली होती, समोर कंसात 'फक्त २० किलो'. मी त्याच्याखाली बिडाचा तवा लिहिला आणि वजनाचा रकाना मोकळा सोडला.