तयारीच्या याद्या आणि ओझ्याखालची माणसे

इंग्रजांनी रूढ केलेले ‘अशांती’ हे नाव देवनागरीत उतरले की मराठी वाचकाच्या मनात भलताच अर्थ उमटतो. आजच्या घानातील हे लोक स्वतःला ‘असांते’ म्हणवतात. आम्हीही तेच नाव वापरू. नावाचा हा आग्रह वरवरचा नाही. १८७३-७४ च्या इंग्रज-असांते युद्धाविषयी वाचताना, कोणाच्या वाट्याला नाव येते आणि कोणाच्या वाट्याला केवळ संख्या, हाच प्रश्न आमच्यापुढे वारंवार उभा राहिला.

एल्मिना हे किनाऱ्यावरील ठाणे १८७२ मध्ये डचांकडून इंग्रजांकडे गेले. त्यावर असांते आपला हक्क सांगत होते. १८७३ च्या आरंभी त्यांचे सैन्य प्रा नदी ओलांडून किनाऱ्याच्या दिशेने आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर गार्नेट वुल्झली केप कोस्टला उतरला. पुढच्या तीन महिन्यांतील त्याची तयारी आम्हांला प्रत्यक्ष लढाईपेक्षा अधिक बोलकी वाटते.

या तयारीच्या केंद्रस्थानी होते गोऱ्या सैनिकाचे शरीर. तांबडे डगले जाऊन करडे पोशाख आले. हायलँडर शिपायांनी आपले किल्टही बाजूला ठेवले. रोज क्विनाइनची मात्रा ठरली. डिसेंबरात आलेल्या पलटणींना, तापाचा धोका नको म्हणून, जानेवारी उजाडेपर्यंत जहाजांवरच ठेवले गेले. दरम्यान किनाऱ्यापासून प्रा नदीपर्यंत सुमारे ७० मैलांचा रस्ता जंगलातून काढला गेला. त्यावर २३७ पूल बांधले गेले. पावसाळ्यापूर्वी जाऊन परतायचे, असा सारा हिशेब होता.

पण या रस्त्यावरून दारूगोळा आणि धान्य वाहिले कोणी? किनाऱ्यावरच्या फांटे आणि इतर समाजांतील हजारो पुरुषांनी आणि स्त्रियांनी, डोक्यावरून. हमाल पळून जाऊ लागले तेव्हा मोहीम अडली. काही गोऱ्या तुकड्या पुन्हा जहाजांवर चढवाव्या लागल्या. मग गावोगाव माणसे धरून आणण्यात आली. वेस्ट इंडिया रेजिमेंटच्या कृष्णवर्णीय शिपायांनाही ओझी उचलावी लागली. मराठीत याला नेमका शब्द आहे : वेठ.

वुल्झलीने सैनिकांसाठी काढलेल्या सूचनांत, आफ्रिकी माणसाच्या मनात गोऱ्याविषयी उपजतच धाक असतो, असा दिलासा होता. ३१ जानेवारी १८७४ रोजी अमोआफुल येथे असांते सैन्याने दाट झाडीतून तासन्‌तास झुंज देऊन तो खोटा ठरवला. तरीही ४ फेब्रुवारीला कुमासी पडले आणि ६ फेब्रुवारीला ते जाळण्यात आले.

वर्गात युद्धवर्णने शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एकच सुचवतो : सेनापतीच्या भाषणाआधी सामानाची यादी वाचा. पानिपतच्या कथनांत सैन्याबरोबरच्या असंख्य माणसांना आपण ‘बाजारबुणगे’ म्हणून मोकळे होतो, आणि पराभवाचे खापरही सहज त्यांच्या माथी फोडतो. तिरस्कारदर्शक शब्द हाताशी असला की माणसे मोजण्याची गरज उरत नाही. असांते मोहिमेतील हमालांच्या बाबतीत तर त्यांचे पळून जाणे तेवढे ठळकपणे नोंदले गेले. ज्याचे युद्ध नव्हते त्याने ओझे टाकून रानाची वाट धरावी, यात भ्याडपणा पाहायचा की शहाणपण, हे आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत यावर ठरते.

२०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांनी ३२ वस्तू कुमासीच्या मान्हिया राजवाड्यातील संग्रहालयाकडे पाठवल्या. त्यांपैकी अनेक लुटीतल्या होत्या. आणि त्या दिल्या गेल्या, त्याही मुदतीच्या उसनवारीवर. सोन्याच्या प्रत्येक नगाची नोंद ठेवणाऱ्या या व्यवस्थेने, ते सोने जिंकण्यासाठी ज्यांच्या माथ्यावर ओझे दिले त्यांची नावे मात्र लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही. साहित्याच्या अभ्यासकाचे काम तेथूनच सुरू होते, असे आम्हांला वाटते.