वेरूळची इंद्रसभा घरबसल्या

वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तर टोकाला आहेत. कैलास लेणे पाहून थकलेले अनेक प्रवासी तेथून परत फिरतात. जे पुढे जातात, त्यांना बत्तिसाव्या लेण्यात, म्हणजे इंद्रसभेत, अंगणाच्या मध्यभागी चौमुख मंदिर, एका बाजूस अखंड पाषाणातील हत्ती आणि दुसऱ्या बाजूस मानस्तंभ दिसतो. येथील यक्षमूर्तीस पूर्वी इंद्र समजले गेले, त्यावरून हे नाव रूढ झाले. आम्रवृक्षाखाली सिंहासह अंबिका आहे. वरच्या मजल्याच्या छतावर जुन्या चित्रांचे अवशेष आहेत.

जालन्याच्या एका कापड व्यापारी कुटुंबातील आजींनी लग्नानंतर हे दर्शन घेतले होते. आता गुडघ्यांमुळे पायऱ्या चढणे अशक्य झाले. म्हणून नातवाने ३६० अंशांची छायाचित्रे घेऊन चहूकडे फिरवून पाहता येईल अशी सफर तयार केली. दशलक्षण पर्वात ती सर्वांनी मिळून पाहावयाची असे ठरले.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला जोडला. पडद्यावर केवळ काळा चौकोन आणि फिरते वर्तुळ. कोणी नेटला दोष दिला, कोणी लॅपटॉपला. परंतु रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी वही फाडून टाकीत नाही. एकेक नोंद तपासली जाते. नातवाने तेच केले.

सर्व फाइली पेनड्राइव्हमध्येच होत्या, तेव्हा नेटचा प्रश्न नव्हता. मात्र डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारच्या फाइली वाचू देण्यास ब्राउझर सुरक्षिततेसाठी सहसा मनाई करतो. तीच फाइल संकेतस्थळावर ठेवली, की अडथळा दूर होतो. त्याने सफर संकेतस्थळावर चढविली आणि अंगण, हत्ती, मानस्तंभ उजळून आले.

वरचा मजला मात्र उघडेना. फाइलीच्या नावात एक इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत होते, पानात तेच लहान लिपीत. घरच्या विंडोज संगणकाला हा भेद कळत नाही. संकेतस्थळाच्या सर्व्हरला बहुधा कळतो. एका अक्षराची दुरुस्ती होताच वरचा मजला खुला झाला.

तिसरी अडचण आजींच्या जुन्या टॅबवर आली. प्रत्येक चित्र १२,००० बाय ६,००० बिंदूंचे, म्हणजे ७ कोटी २० लाख बिंदूंचे होते. साठवताना ते आकुंचित असते. दाखविताना मात्र प्रत्येक बिंदूस चार बाइट लागतात, म्हणजे जवळपास पावणेतीनशे मेगाबाइट स्मृती. अनेक जुनी साधने एका वेळी ४,०९६ बिंदूंहून रुंद चित्र हाताळू शकत नाहीत. उपाय असा, की चित्राचे लहान तुकडे करावे; आधी अस्पष्ट चित्र यावे आणि नजर वळेल तिकडचे तुकडे मागाहून स्पष्ट व्हावे.

रात्री आजींनी टॅब हाती घेतला. बोटाने चित्र फिरवीत त्या पायांभोवती वेली चढलेल्या बाहुबलींपाशी थांबल्या. हात जोडले. मग विचारले, "बाळा, डोंगरावरचे पार्श्वनाथ कुठे आहेत?"

नातू पुन्हा नेट तपासू लागला. मग त्याच्या ध्यानी आले, की हा बिघाड नव्हता. लेण्यांच्या माथ्यावरील पार्श्वनाथांची सुमारे १६ फुटी मूर्ती, जिच्या लेखात चक्रेश्वराचे नाव आणि इ.स. १२३४-३५ चा काळ आहे, तेथवर तो चढलाच नव्हता.

"आजी, मी तिथे गेलोच नाही," तो म्हणाला.

"मग जा. मी वाट पाहते."

पुढच्या रविवारी पहाटेच तो वेरूळच्या वाटेला लागला. या वेळी चित्रे लहान तुकड्यांत कापावयाची आणि सर्व नावे एकाच लिपीत लिहावयाची, हे त्याने आधीच ठरविले होते.