सॅक रिकामी करताना

मित्रांनो, प्रवासवर्णनं वाचताना एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? निघण्याची तयारी त्यात अगदी रंगवून सांगितलेली असते. काय काय भरलं, गाडी कशी पकडली, पहिला समुद्र कसा दिसला. परत येण्याची गोष्ट मात्र एका ओळीत उरकलेली असते: 'आणि आम्ही सुखरूप घरी पोहोचलो.' पण खरी कसोटी तर शेवटच्या दिवसांतच लागते. पैसे संपत आलेले, कपडे मळलेले, खांदे दुखताहेत आणि पाहायचं तर अजून कितीतरी शिल्लक! म्हणून आज मी तुम्हांला एका भटकंतीच्या शेवटाबद्दलच सांगणार आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा धाकटा मावसभाऊ पाठीवर एकेक सॅक घेऊन सतरा दिवस फिरलो. मी चाकणजवळच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षक. भाऊ आयटीआय झालेला फिटर. एका कारखान्यात तो दीड वर्ष कंत्राटावर होता. दसऱ्याच्या सुमारास कंत्राट संपलं आणि ते पुढे वाढवलं नाही. तेव्हापासून स्वारी गप्पगप्प. मावशी मला म्हणाली, "बाबा रे, याला घेऊन जा कुठंतरी. नुसता भिंतीकडे बघत बसतो." लक्ष्मीपूजन आटोपलं आणि त्याच रात्री आम्ही मालवणची गाडी धरली.

पाडव्याच्या दिवशी मालवणात देव रामेश्वर आणि देव नारायण यांच्या पालख्या गावातून निघतात. सगळं मालवण रस्त्यावर लोटतं. नवे कपडे घातलेली पोरं, ढोलांचा आवाज, दारादारांत वाट पाहत उभे असलेले लोक. आम्ही परगावचे, पण गर्दीतून कुणी ना कुणी हाताला धरून पुढे नेत होतं.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग पाहायला गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात केली. आत महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवतात. शिवराजेश्वराचं मंदिरही आहे. पण आमची खरी गोष्ट घडली ती परत येताना. धक्क्यावर एका होडीचं डिझेल इंजिन सुरूच होईना. तांडेल काका घामाघूम झालेले. भाऊ थोडा वेळ नुसता पाहत राहिला, मग म्हणाला, "काका, नळीत हवा शिरली असेल. बघू का?" त्यानं पंपाजवळचा नट जरा सैल केला आणि हातपंप दाबत राहिला. डिझेलबरोबर बुडबुडे येऊ लागले. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येऊ लागलं, तसा त्यानं नट घट्ट केला. इंजिन धडधडत सुरू! (हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. नळीत हवा असली की पंपाचा सगळा जोर हवा दाबण्यातच वाया जातो आणि इंजिनापर्यंत डिझेल पोहोचत नाही. कळलं?) काका खूश होऊन म्हणाले, "रे झिला, हयच रव. माका असो माणूस होयो असा."

भाऊ हसला. मीही हसलो. पण ते वाक्य पुढचे दोन आठवडे आमच्याबरोबर फिरत राहिलं.

मालवणहून वेंगुर्ले आणि तिथून शिरोडा. तिथली मिठागरं आणि सुरूचं बन पाहून घ्या. १९३० साली इथं मिठाचा सत्याग्रह झाला होता. आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटली. 'ययाति' लिहिणारे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं या शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. एवढ्याशा गावात राहून केवढं मोठं काम! पुढे तेरेखोलचा किल्ला लागतो. नकाशात पाहाल तर हे गाव नदीच्या आपल्या बाजूला आहे, पण ते गोव्याचं. तिथून फेरीबोटीनं नदी ओलांडली की पलीकडे केरी.

पणजीत आम्ही मांडवीच्या काठी पुष्कळ हिंडलो. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. हे १७५६ साली गोव्यातल्या कांदोळी गावी जन्मले आणि पार पॅरिसला जाऊन संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध झाले. मग रेल्वेनं खाली कारवारला गेलो. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी इथं आपल्या भावाकडे राहिले होते. किनाऱ्याला आज त्यांचंच नाव आहे. त्याच्याही पुढे गोकर्ण. तिथला एक किनारा वरून पाहिला तर 'ॐ'सारखा दिसतो.

गोकर्णला आम्ही पैसे मोजायला बसलो. दोघांत मिळून परतीचं तिकीट सोडून उरले होते सहाशे चाळीस रुपये. आणखी खाली उडुपीला जायचं की परत फिरायचं? भाऊ म्हणाला, "दादा, परत फिरू या. पण एक दिवस थांबून." तो एक दिवस होता त्रिपुरी पौर्णिमेचा.

गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूर आहे. तिथं वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला रात्री लोक स्वतः तयार केलेल्या नौका दिवे लावून नदीत सोडतात. थर्मोकोल, पुठ्ठा, बांबूच्या काड्या... ज्याला जे जमेल त्याची नौका. कुणाचं जहाज, कुणाचा मोर, तर कुणाचं आख्खं देऊळ! शंकरानं त्रिपुरासुराला मारलं त्या आनंदाचा हा उत्सव. काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. एक शाळकरी मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आपली होडी सरळ करत होता. एका बाजूला कलत होती बिचारी. भावानं वरून ओरडून सांगितलं, "तळाला दगड बांध, मधोमध!" पोरानं ऐकलं. होडी डुलली, सावरली आणि निघाली.

त्या रात्री देवळाच्या पायरीवर बसून भाऊ बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं बोलला. "दादा, मालवणला जाऊ का रे? पगार कमी मिळेल. पण तिथं मला कुणी 'कंत्राटी' म्हणणार नाही, 'मेस्त्री' म्हणेल." मी म्हटलं, "आणि मावशी?" तो म्हणाला, "तिला घरी जाऊन सांगणार. असं बाहेरच्या बाहेर नाही." मला उत्तर सुचलं नाही. मनात आलं, दीड तासावर पुणं, आजूबाजूला शेकडो कारखाने आणि हा हातचं सोडून तिकडे जाणार? पण त्या धक्क्यावर इंजिन सुरू झालं तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिला होता. मी इतकंच म्हणालो, "सांगताना मी बरोबर येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मडगावहून गाडी पकडली. कुळेनंतर घाट सुरू होतो आणि गाडी दूधसागर धबधब्याच्या अगदी पुढ्यातून जाते. नोव्हेंबरातही पाणी चांगलं होतं. डब्यातली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांवर! मग लोंढा, बेळगाव, मिरज... आणि पहाटे पुणे. तिथून लोणावळ्याची लोकल. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी. सतरा दिवस अनोळखी स्टेशनांची नावं वाचत होतो. आता एकेक नाव ओळखीचं येऊ लागलं. चिंचवडला उतरलो तेव्हा कारखान्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीच्या माणसांना घेऊन निघाल्या होत्या. भाऊ त्यांच्याकडे पाहत थोडा वेळ थांबला. मग सॅक खांद्यावर सरकवून चालू लागला.

मावशी आधी रडली, मग रागावली, मग तिनं त्याला जेवायला वाढलं. आठ दिवसांनी तो पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि प्रमाणपत्रांची फाइल घेऊन मालवणला गेला. माझा प्रवास संपला तिथं त्याचा सुरू झाला.

आता माझ्या सॅकचं ऐका. प्रवास नीट संपवायचा तर तीन कामं करावीत. एक, सॅक त्याच दिवशी पूर्ण उलटी करावी. माझ्या सॅकमधून मूठभर वाळू, तेरेखोलचा एक शिंपला आणि चुरगळलेली तिकिटं निघाली. दोन, खर्च लिहून काढावा. पुढच्या वेळी उपयोगी पडतो. तीन, ज्यांनी मदत केली त्यांना पत्र पाठवावं. पत्रच बरं का! तांडेल काकांनी ते माझं पत्र धक्क्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे.

आणि चौथं काम म्हणजे आपलं गाव परगावच्या माणसासारखं पाहून घ्यायचं. मी पाहिलं. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. चापेकर बंधूंचा वाडा आहे. पिंपरीत १९५५ साली सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनू लागलं, कितीतरी आजाऱ्यांना त्याचा उपयोग झाला. चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला तिथं जवळजवळ दोन महिने झुंजवलं. शेजारून रोज हजारो गाड्या जातात, किल्ल्याकडे वळून पाहणारे थोडे.

शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभरातच कार्तिकी वारी आली. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली समाधी घेतली, तिचा सोहळा आळंदीला असतो. आमच्या रस्त्यानंही दिंड्या चालल्या होत्या. टाळ, मृदंग, डोक्यावर तुळस. मी वर्गाला रस्त्याकडेला नेलं. माझ्या वर्गात लातूरची, बुलढाण्याची, बिहारची, ओडिशाची मुलं आहेत. आईवडील कामासाठी इकडे आलेले. एका मुलीनं विचारलं, "सर, हे लोक चालत येतात आणि मग कुठं जातात?"

"आपापल्या घरी," मी म्हटलं.

"मग आमच्यासारखेच की! आम्हीपण मे महिन्यात जातो."

तिचं गाव रेल्वेनं दोन दिवसांच्या वाटेवर. त्या प्रवासाबद्दल मी तिला निबंध लिहायला सांगितला आहे. तुम्हीही लिहा पाहू, तुमच्या एखाद्या प्रवासाचा शेवटचा दिवस. सुरुवात नको, शेवटच लिहा. आणि सॅकमधून, पिशवीतून किंवा खिशातून काय काय निघालं, तेही लिहायला विसरू नका हं!