कुंपणाआडचा अर्धा भाग

अस्कर हे बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावरचे जुने कोळीगाव. आज त्याच्या उत्तरेला अ‍ॅल्युमिनियमचा अवाढव्य कारखाना पसरला आहे, १९७१ पासून तो अखंड धगधगतो आहे. गावातून पश्चिमेला निघाले की हे बेट किती अरुंद आहे ते चटकन लक्षात येते. वाटेत तेलाच्या नळांचे जाळे लागते. १९३२ साली जिथे तेल सापडले तो जबल अल दुखानचा उंचवटा दिसतो. थोडी वाट वाकडी केली तर ओसाड वाळूत एकटी उभी असलेली, चारशे वर्षांची मानली जाणारी शमी भेटते. दुसरा किनारा जवळ येतो तेव्हा, मोटारींच्या शर्यतीच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, अल अरीनचे वन्यजीव उद्यान आहे. ते १९७६ सालचे. त्याचे दोन भाग आहेत. एका भागातून पाहुण्यांना बसने फिरवतात आणि दुसरा राखीव आहे, तिथे पाहुण्यांना प्रवेश नाही. अशा छोट्या उद्यानाची किंमत आपण नेहमी दाखवल्या जाणाऱ्या भागावरून ठरवतो. ती बंद ठेवलेल्या भागावरून ठरायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

याचे कारण अरबी ओरिक्सच्या इतिहासात आहे. हा पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचा प्राणी एके काळी अरबस्तानाच्या वाळवंटात सर्वत्र होता. उंटावरून पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याच्या हाती तो क्वचितच लागे. मोटार आणि लांब पल्ल्याची बंदूक एकत्र आली आणि एका पिढीत सारे संपले. ओमानमधल्या जिद्दत अल हरासिस या पठारावर १९७२ मध्ये शेवटचा रानटी कळप मारला गेला. पण त्याआधी दहा वर्षे, १९६२ मध्ये, काही शहाण्या माणसांनी पुढचे ओळखून मोहीम काढली होती आणि जिवंत ओरिक्स पकडून आणले होते. त्यांतले तीन जगले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एक मादी दिली, कुवेतहून एक आली, सौदी राजाने चार दिले. अशा नऊ जनावरांचा कळप अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला उभा राहिला, कारण तिथली हवा कोरडी होती. १९८२ मध्ये त्या वंशातली जनावरे ओमानच्या त्याच पठारावर मोकळी सोडली गेली. रानातून नाहीशी झालेली जात दहा वर्षांनी रानात परतली ती केवळ कुणाच्या तरी कुंपणात तिचे बी शिल्लक होते म्हणून. दुष्काळात घरातले सारे धान्य संपले तरी शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. अल अरीनच्या बंद भागाकडे मी त्या नजरेने पाहतो.

म्हणजे पाहुण्यांचा भाग निरर्थक आहे असे नव्हे. तिथे नीट पाहणाऱ्याला बरेच काही मिळते. भर उन्हाळ्यात दुपारी ओरिक्स झाडाच्या सावलीत जातो आणि खुराने वरची तापलेली वाळू उकरून खालच्या गार थरात अंग टेकतो. अंग पांढरे असल्याने ऊन परतवले जाते. खूर रुंद आणि फाकलेले, त्यामुळे पाय वाळूत रुतत नाहीत. शिंगे नराला असतात तशी मादीलाही, आणि बुडाशी त्यांवर स्पष्ट वळी दिसतात. पाणी मिळाले नाही तरी तो पानांतल्या ओलाव्यावर आणि दवावर दिवस काढतो. शेजारच्या आवारातली रीम हरणे आपल्या चिंकाऱ्याच्या अगदी जवळच्या नात्यातली. सहाराचा अ‍ॅडॅक्सही इथे आहे, आणि रानात त्याची अवस्था आता ओरिक्सच्या १९७२ च्या अवस्थेपासून फार दूर नाही. पण बसच्या खिडकीतून हे पाहणे आणि वंश टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. माणसांच्या वर्दळीला सरावलेले जनावर पाहुण्यांना आवडते, पण रानात सोडायचे जनावर माणसाला बिचकणारेच हवे. दोन्ही गरजा एका आवारात भागत नाहीत. म्हणूनच त्या बंद फाटकाला मी इतके महत्त्व देतो.

कुंपणातले जनावर हे जनावराचे चित्र आहे, रान गेले तर बाकी काय राहिले, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या कळपात रक्ताच्या नात्यांची गुंतागुंत वाढत जाते. म्हणून ओरिक्सची आंतरराष्ट्रीय वंशावळ ठेवावी लागली, कुठला नर कुठल्या मादीपाशी न्यायचा ते ठरवावे लागले. हे काम कारकुनी दिसते, कंटाळवाणे वाटते, पण त्याच्यावाचून १९८२ उगवलेच नसते. दुसरा आक्षेप पाण्याचा. ज्या देशाला पिण्यासाठी समुद्राचे पाणी गोडे करून घ्यावे लागते त्याने हरणांसाठी हिरवळ का राखावी? प्रश्न रास्त आहे. मात्र हीच जनावरे कमी पाण्यात जगण्यात सर्वांत तरबेज आहेत, आणि बेटावरची बागांची, कारंज्यांची हौस पाहिली तर हरणांच्या वाट्याचे पाणी मोजण्याआधी आणखी बरेच काही मोजावे लागेल.

सर्वांत बोचरा आक्षेप ओमाननेच पुरवला. सोडलेली जनावरे वाढून १९९०च्या दशकाच्या मध्यावर चारशेच्या आसपास गेली होती. मग चोरटे आले. त्यांना बऱ्याचदा मांस नको होते. खासगी संग्रहांसाठी जिवंत जनावरे हवी होती. २००७ पर्यंत संख्या पासष्टवर आली, सरकारने त्या पठारावरच्या ओरिक्स अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटवले आणि जागतिक वारशाच्या यादीतून ते वगळले गेले. त्या यादीतून नाव वगळण्याची ती पहिली वेळ होती. ज्या हौसेमुळे राजेरजवाड्यांच्या आवारांत हा वंश वाचला त्याच हौसेने तो रानातून पुन्हा ओरबाडला. यातून काय शिकायचे? रानात सोडणे व्यर्थ आहे, हे नव्हे. सुरुवातीच्या वर्षांत हरासिस जमातीची माणसे राखणदार होती आणि कळप वाढत होते. नेमका तेव्हाच कुंपणाआडचा साठा कमी करण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाला बळी पडता कामा नये. रानातला कळप एका वर्षात लुटला जाऊ शकतो. साठा मात्र अनेक ठिकाणी विखुरलेला असेल तर वंश उरतो. कुंपणालाही मर्यादा आहेच, हेही इथेच मान्य करायला हवे. बहरीन आणि कतार यांच्यामधल्या उथळ समुद्रात १९८०च्या दशकात विमानातून पाहणी झाली तेव्हा सहाशेहून अधिक समुद्रगायींचा एकच कळप दिसला होता. त्यांच्यासाठी अल अरीन कसे बांधणार? तिथे समुद्रतळावरचे गवत राखणे आणि जाळी आवरणे एवढेच हाती आहे.

महाराष्ट्रात आपण नेमकी उलटी वाट धरली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य १९८० चे, आणि ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. बारामतीजवळचे मयूरेश्वर १९९७ चे, चिंकाऱ्यासाठीचे. तेही फार मोठे नाही. काळवीट हद्द मानत नाही. तो ज्वारीत जातो, आणि मग त्या शेतकऱ्याचे नुकसान हेच अभयारण्याचे खरे भाडे ठरते. ही वाट अल अरीनपेक्षा थोर आहे असे म्हणायचा मोह होतो, कारण इथे जनावर खरेच मोकळे आहे. पण ते मोकळे राहते ते आसपासच्या गावांनी सोसले म्हणून, आणि ते सोसणे भरपाईच्या कागदांत अडकले की आटते. मुंबईहून कारखान्याच्या कामासाठी आलेले एखादे मराठी कुटुंब सुट्टीच्या दिवशी अस्करकडून अल अरीनला जाते तेव्हा मुलांना ओरिक्सची शिंगे दाखवावीतच. शिवाय वाटाड्याला एक प्रश्न जरूर विचारावा, की बंद भागात या वर्षी किती पाडसे जगली आणि त्यांतली किती बाहेर कुठे सोडायची आहेत. रेहेकुरीच्या वनरक्षकाला विचारायचा प्रश्नही तसाच साधा आहे: गेल्या हंगामात ज्या शेतकऱ्यांची ज्वारी गेली, त्यांच्या हाती भरपाई पडली का?