गल्ल्याजवळची किल्ली

सांगलीच्या कापडपेठेतील त्या दुकानात पूर्वी गादी होती. पांढरी शुभ्र चादर, भिंतीला लोड-तक्के, आणि त्या गादीवर गिऱ्हाईकही बसे, साड्या उलगडून दाखविणाराही बसे. तिसऱ्या पिढीच्या हाती कारभार आल्यावर नूतनीकरण झाले. काचेची कपाटे आली, काउंटर आले, गिऱ्हाइकांसाठी गुबगुबीत खुर्च्या आल्या. या बदलात नोकरमाणसांची बसण्याची जागा तेवढी नाहीशी झाली. ती कोणी मुद्दाम काढून घेतली नव्हती, म्हणूनच बहुधा ती गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

शेठ मनाने कठोर नव्हते. दिवाळीचा बोनस वेळेवर देत. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले तर उचल देताना कधी आढेवेढे घेत नसत. पांजरपोळातील थकलेल्या जनावरांसाठी दरवर्षी चाऱ्याची रक्कम न चुकता पोहोचत असे. पेठेत त्यांची ख्याती दयाळू म्हणून होती आणि ती खोटी नव्हती.

श्रावणात एका दुपारी साडी विभागातील बाई काउंटरमागे घेरी येऊन पडल्या. नऊ वर्षे त्या दुकानात होत्या. डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा संसर्ग सांगितला. पाणी फार कमी पितात, असेही सांगितले. कारण कळले ते शेठना नव्हे, त्यांच्या पत्नीला, ती भेटायला घरी गेली तेव्हा. स्वच्छतागृह मागच्या बोळात होते आणि त्याची किल्ली गल्ल्याजवळच्या खिळ्याला, शेठच्या अगदी हाताशी टांगलेली असे. गिऱ्हाइकांच्या आणि पुरुषमाणसांच्या देखत ती मागायची लाज वाटे. म्हणून घरून निघताना घेतलेल्या चहानंतर संध्याकाळपर्यंत घोटभरही पाणी घ्यायचे नाही, असा नेम त्यांनी स्वतःला लावून घेतला होता.

हे ऐकून शेठना प्रथम वाईट वाटले नाही, राग आला. नऊ वर्षांत एकदा तरी सांगायचे! मी काय नाही म्हणालो असतो? मालकाला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याच्या हाती पगार आहे त्याच्यासमोर जाऊन असली गोष्ट बोलणे किती अवघड असते, हे गल्ल्यामागे बसणाऱ्याला सहसा दिसत नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. मंदिरात दररोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे वाचन चाले. सातवा दिवस उत्तम तपाचा, आणि वाचनही सातव्या अध्यायाचे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी शेवटचे दोन, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध, शेठनी लहानपणापासून ऐकलेले होते. अर्थ सांगताना उदाहरण नेहमी बैलाचे येई: झेपणार नाही इतके ओझे लादू नये, दाणापाणी तोडू नये. दुकानात बैल नव्हता. तेव्हा ते दोन शब्द दरवर्षी कानांवरून जात आणि मंदिरातच राहत.

त्या दिवशी शेठचा निर्जल उपवास होता. दुपारी चारच्या सुमारास जीभ टाळूला चिकटली, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या नजर खिळ्यावरच्या किल्लीकडे गेली. त्यांचा उपवास उद्या सुटणार होता. तो त्यांनी स्वतः घेतला होता, देवासमोर, आणि घरी त्याचे कौतुकही होते. काउंटरमागचा उपवास नऊ वर्षे चालू होता.

ही कहाणी एकाच पेठेची नाही. केरळातील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी नेमक्या याच दोन गोष्टींसाठी, बसण्याची मुभा आणि स्वच्छतागृह यांसाठी, कोझिकोडसारख्या शहरांत वर्षानुवर्षे आंदोलन केले. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. तामिळनाडूनेही २०२१ मध्ये तसाच बदल केला. साध्या स्टुलासाठी विधिमंडळापर्यंत जावे लागले, हे व्यापारी वर्गाला भूषणावह खासच नाही.

आठव्या दिवशी सकाळी किल्ली गल्ल्यावरून निघाली आणि साडी विभागाच्या आतल्या बाजूला, कपाटाआड टांगली गेली. पाण्याचे पिंपही आत आले. दुसऱ्या दिवशी सहा स्टुले आली. वडिलांना ते रुचले नाही. गिऱ्हाईक आत शिरते आणि माणसे बसलेली दिसतात, हे काही बरे नव्हे, असे ते म्हणाले. आपण स्वतः तर आयुष्यभर गादीवर बसूनच धंदा केला, याची आठवण त्यांना सुनेने करून दिली. त्यावर ते काही बोलले नाहीत.

गंमत अशी की दोन दिवस त्या स्टुलांवर कोणीही बसले नाही. ‘गिऱ्हाईक नसताना बसावे’ अशी पाटी लावूनही नाही. पाटीपेक्षा शेठच्या चेहऱ्याचा अंदाज घेण्याची सवय जुनी होती. अखेर शेठच गल्ला सोडून आले, काउंटरमागच्या एका स्टुलावर बसले आणि साड्यांच्या घड्या घालू लागले. तेव्हा कुठे सर्वांत जुन्या सेल्समनने शेजारचे स्टूल ओढले.

क्षमावाणीच्या दिवशी शेठनी नेहमीप्रमाणे नातलगांना आणि व्यापारी स्नेह्यांना निरोप धाडले. नंतर ते साडी विभागात गेले आणि हात जोडून म्हणाले, “ताई, नऊ वर्षे माझ्या लक्षात आले नाही. उत्तम क्षमा.”

बाई गोंधळून उभ्या राहिल्या. पदर सावरला, इकडेतिकडे पाहिले. मग हळूच म्हणाल्या, “असू द्या शेठ. तेवढी दाराची आतली कडी बसवून घ्या. ती कधीची मोडलेली आहे.”

सुतार त्याच दुपारी आला.