कुत्र्याच्या ‘हार्टवर्म’चा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एवढं वाचा

पोस्ट जरा मोठी आहे, पण ज्यांच्या दारात किंवा शेतात कुत्रं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

सध्या आपल्या भागातल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. कुत्रं खोकतंय, दमतंय, पोट सुजलंय म्हणजे हार्टवर्म, आणि त्यावर गुरांचं आयव्हरमेक्टिन १ मिली टोचलं की काम झालं, असं त्यात सांगतात. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीवरचे एक मेंढपाळ काका हाच व्हिडिओ दाखवत विचारत होते, "टोचू का?" त्यांचा कुत्रा म्हणजे शंभर मेंढरांचा राखणदार. तो गेला तर रात्री लांडग्यापुढं उभं कोण राहणार?

आधी आजार समजून घेऊ. हार्टवर्म म्हणजे डायरोफिलारिया इमिटिस नावाचा जंत. डासामार्फत पसरतो. माणसातल्या हत्तीरोगाच्या जंताचा हा भाऊबंदच. डास चावल्यावर सहा-सात महिन्यांत जंत मोठा होतो आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत, पुढं हृदयात राहतो. मादी वीतभरापेक्षा लांब, २५ ते ३० सेंटिमीटर. कुत्र्याच्या अंगात ती ५ ते ७ वर्षं जगते. भारतात हा जंत मुख्यतः ईशान्येकडच्या राज्यांत सापडतो. आपल्याकडं खोकणाऱ्या, सुकत चाललेल्या कुत्र्यात पहिला संशय घ्यायचा तो गोचिड तापाचा.

आता उपचार. जगभर मुख्य रस्ते तीन.

पहिला, मेलार्सोमिनची इंजेक्शनं. हे आर्सेनिकचं औषध मोठ्या जंतांना मारतं. अमेरिकेतल्या पद्धतीत आधी २८ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात, सोबत महिन्याचं प्रतिबंधक औषध. मग ६०व्या, ९०व्या आणि ९१व्या दिवशी कमरेच्या स्नायूत खोल इंजेक्शन. खात्रीचा इलाज हाच. पण मेलेले जंत तुटून फुफ्फुसात अडकतात, म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे बांधून, शांत ठेवावं लागतं. पळालं तर जीव जाऊ शकतो. शिवाय हे औषध आपल्याकडं मेडिकलवर सहज मिळत नाही.

दुसरा, सावकाश मारण्याचा. डॉक्सिसायक्लिन आणि दर महिन्याला मॉक्सिडेक्टिनसारखं औषध. जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, त्यांच्यावर तो जगतो. डॉक्सिसायक्लिन ते जिवाणू मारतं आणि जंत कमजोर होतो. खर्च कमी, पण वेळ वर्षभर किंवा त्याहून जास्त. तोवर जंत आतच, फुफ्फुसाची खराबी चालूच आणि कुत्र्याला आरामही तेवढाच काळ. मेलार्सोमिन मिळत नसेल तेव्हाचा हा मार्ग आहे.

तिसरा, ऑपरेशन करून जंत ओढून काढणं. जंतांच्या गुंत्यानं हृदयाची वाटच अडली तर. हे मोठ्या दवाखान्याचं काम.

या तिन्हींत ‘१ मिली टोचा’ कुठंच बसत नाही. हिशोब करा. गुरांच्या १ टक्का आयव्हरमेक्टिनच्या १ मिलीत १० मिलीग्रॅम औषध असतं. हार्टवर्म होऊ नये म्हणून कुत्र्याला महिन्याला देतात ते किलोमागं ६ मायक्रोग्रॅम. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ०.१२ मिलीग्रॅम. १ मिली म्हणजे त्याच्या ऐंशीपटीहून जास्त! एवढं देऊनही मोठे जंत एका फटक्यात मरत नाहीत. उलट रक्तात पिल्लं भरपूर असली तर ती एकदम मरून कुत्रं शॉकमध्ये जाऊ शकतं. आणि कोली जातीच्या रक्ताची काही कुत्री हे औषध जास्त झालं तर सहनच करू शकत नाहीत.

काकांनी टोचलं नाही. कुत्र्याला गाडीत घालून परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. रक्ताची काच तपासली, तर निघाला गोचिड ताप, एर्लिकिया. गोळी तीच, डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस. पण त्याला ना आर्सेनिक लागलं, ना वर्षभराचा उपचार. आज कुत्रा पुन्हा मेंढरांमागं आहे. आजार चुकीचा धरला असता तर औषध, मात्रा, खर्च सगळंच चुकलं असतं.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, लघवी लाल, सततचा ताप, सततचा खोकला: यातलं काहीही दिसलं तर आधी रक्त तपासा. हार्टवर्मसाठी वेगळी किट असते, कारण काही कुत्र्यांत जंत असूनही रक्तात पिल्लं दिसत नाहीत.

डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी देऊ नका, उलटी होते. दुधात कालवूनही नको, दुधामुळं औषध कमी लागू पडतं. भाकरीच्या तुकड्यात द्या. चार दिवसांत कुत्रं खायला लागलं म्हणून कोर्स सोडू नका.

गोचिड कुत्र्यावर जेवढे दिसतात त्याहून जास्त भिंतीच्या फटीत, गोठ्यात असतात. तिथंही फवारणी करा.

गुराढोरांसाठी १९६२ नंबर माहीत आहेच. कुत्र्याबद्दलही फोन करून विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एक मागणी. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, पाचही तालुक्यांत कुत्र्याच्या रक्ताची काच तपासायची सोय ठरलेल्या दिवशी तरी असावी. सूक्ष्मदर्शक, काच, रंगद्रव्य आणि शिकलेला माणूस, एवढंच लागतं. मेंढपाळानं एका थेंबासाठी दिवसाची मजुरी मोडून परभणी का गाठायची? १९९९ला जिल्हा वेगळा झाला तो सोयी जवळ याव्यात म्हणूनच ना?

पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. आमच्या गावातून आम्ही देतोय. तुमच्या गावाचं नाव खाली कमेंटमध्ये टाका.